चित्र टीव्हीवर, आवाज टेबलाखालून

प्रश्न : मुलाने लॅपटॉप घेतल्यापासून आमचा २०१४ सालचा डेस्कटॉप धूळ खात पडलाय. सिनेमे, गाणी, फोटो सगळं टीव्हीवर पाहता यावं म्हणून जोडून बघितला. चित्र टीव्हीवर आलं, पण आवाज कॉम्प्युटरच्याच स्पीकरमधून! पडद्याच्या कडा कापल्या जातात आणि नवे सिनेमे अडखळतात. हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : अजिबात सोडू नका. आमच्याकडेही पहिल्या रात्री नायिका टीव्हीवर रडत होती आणि हुंदके टेबलाखालून येत होते. आई दर वाक्याला मागे वळून बघायची!

केबल एचडीएमआय असेल तर विंडोजमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून यादीतून टीव्ही निवडा. निळ्या तोंडाची व्हीजीए केबल असेल तर मात्र तिच्यातून फक्त चित्रच जातं. कडा कापल्या जाणं ही जुन्या डबा टीव्हीच्या काळातली खोड. कडेची खराबी झाकायला टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवायचे. रिमोटवरून चित्राच्या आकाराच्या मेनूत जा आणि ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ लावा.

अडखळण्याचं कारण बहुधा एच.२६५ हे असणार, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइलमध्ये बसवायचा एक प्रकार. तो २०१३ साली आला, तुमच्या मशीनच्या जेमतेम वर्षभर आधी. त्यामुळे तो उलगडायची सोय तुमच्या मशीनच्या चिपमध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. सिनेमा चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला की चोर सापडला. तोच सिनेमा एच.२६४ या जुन्या प्रकारात असेल तर बहुतेक सुरळीत चालेल. नाहीतर एच.२६५ उलगडणारं साधं ग्राफिक्स कार्ड बसवा. गेम खेळणाऱ्यांचं महागडं कार्ड कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आणि आधी कॉम्प्युटरचा डबा उघडून पंख्यावरची धूळ झटका!

आता कोडी बसवा, म्हणजे आपले सिनेमे, गाणी, फोटो टीव्हीवर मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि अक्षरं सोफ्यावरून वाचता येतील एवढी मोठी. हे मुळात एक्सबॉक्ससाठी निघालं होतं, कोडी हे नाव २०१४ मधलं. त्यात सिनेमे येत नाहीत, आपले आपण घालायचे. फाइलला सिनेमाचं नाव आणि साल द्या, म्हणजे पोस्टर आपोआप येतं. सबटायटलच्या फाइलला सिनेमाच्या फाइलचंच नाव हवं. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी असलेला फॉन्ट निवडा.

ओटीटी मात्र टीव्हीच्याच अ‍ॅपवर बघा. ब्राउझरमध्ये बऱ्याचदा कमी दर्जाचं चित्र मिळतं, उगाच सगळं एकाच डब्यात कोंबायचा हट्ट कशाला? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तेव्हा या मशीनवर विंडोजच्या जागी सरळ लिब्रईएलईसी ही फक्त कोडी चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीत तरी चालेल, बटण दाबलं की थेट कोडी उघडतं. फक्त टाकण्याआधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, डिस्क कोरी होते.

राहिला रिमोट, आणि घरात भांडणं त्यावरूनच होतात. टीव्हीचा रिमोट कॉम्प्युटरला कळत नाही, कारण एचडीएमआयमधून त्याचे इशारे घेणारी सीईसी ही सोय बहुतेक कॉम्प्युटरांत नसते. बाबांनी तीन आठवडे उशीवर माउस घासला. मग फोनलाच कोडीचा रिमोट बनवणारं ‘कोरे’ हे अ‍ॅप घातलं. फोन त्याच वायफायवर हवा आणि कोडीच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीवरून नियंत्रणाला परवानगी द्यावी लागते. ते छान चाललं, पण ऐन रंगात आलेल्या प्रसंगात त्यांना फोन यायचा आणि रिमोट कानाला लागायचा. शेवटी टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड आणला. सध्या तो सोफ्याच्या फटीत असतो.