परराष्ट्रमंत्र्याचा पहिला गुण: नको असलेली बातमी ऐकून घेणं

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. प्रशिक्षणार्थींसमोर तुम्हाला ‘आदर्श परराष्ट्रमंत्र्याचे गुण’ या विषयावर बोलायचं आहे. त्याच पोस्टच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की दूतावासातून पाठवलेल्या तुमच्या अहवालांतला प्रतिकूल भाग मुख्यालयात गाळला जातो आणि वर ‘सूर सौम्य ठेवा’ अशी सूचना येते. ही तक्रार तुम्ही वेगळी समजताय. माझ्या मते तुमच्या भाषणाचा विषय तीच आहे.

आधीच सांगते, मी मधल्या फळीतली अधिकारी होते, निर्णय घेणाऱ्यांतली नव्हे, आणि माझा अनुभव एकाच मंत्रालयाचा आहे. वक्तृत्व, भाषा, इतिहासाचं वाचन, शिष्टाचार, रात्र रात्र बैठकीत टिकून राहण्याची ताकद, यांवर मी लिहीत नाही. ते तुमच्या श्रोत्यांना पाठ असणार.

आमचा शेजारच्या देशाशी मालवाहतुकीचा करार व्हायचा होता. मी तिथल्या दूतावासात होते. त्यांच्या अर्थखात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचा विश्वास मिळवायला मला फार वेळ लागला होता. त्यांनी एका संध्याकाळी स्पष्ट सांगितलं की जकातीच्या कलमावरून त्यांच्या मंत्रिमंडळात फूट आहे, या मसुद्यावर सही होणार नाही. ते कलम बाजूला काढा आणि बाकीचं उरकून घ्या. हे बाहेरच्या माणसाला सांगणं त्यांच्यासाठी धोक्याचं होतं. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे कळवले. राजदूतांनीही त्यात काही न बदलता अहवाल पुढे धाडला. मंत्र्यांच्या खासगी कार्यालयात त्या अहवालाचं एक पानी टिपण झालं आणि त्यात उरलं एवढंच: चर्चा सकारात्मक, किरकोळ मुद्दे शिल्लक.

त्या पानाच्या भरवशावर मंत्र्यांनी सहीची तारीख जाहीर करून टाकली. शिष्टमंडळ आलं, बैठक सुरू झाली आणि समोरच्यांनी पहिल्यांदा जकातीच्या कलमाचाच मुद्दा काढला. करार बारगळला. त्याचं दुःख मी एक वेळ गिळलं असतं, करार पुन्हा होऊ शकतात. पण ते अधिकारी मला पुन्हा भेटले नाहीत. त्यांना काय वाटलं असेल? एक तर मी निरोप पोहोचवला नाही, किंवा आमच्या मंत्र्यांनी तो ऐकून सोडून दिला. दोन्हींपैकी काहीही धरलं, तरी त्यांनी पुन्हा जोखीम घ्यायचं कारण उरलं नव्हतं. आमच्याकडे त्या खात्यातून आतली माहिती येणं तिथेच थांबलं आणि माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला सगळं शून्यापासून करावं लागलं.

त्या कार्यालयावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तरीही दोष शेवटी मी मंत्र्यांनाच देते. त्या कार्यालयातली माणसं कामसू होती. वाईट बातमी आणणाऱ्याला पुढच्या बैठकीला बोलावलं जात नाही, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं, मग ती तशी वागायला शिकली. मंत्र्याच्या टेबलावर काय येतं हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरतं, आणि हे ज्याला कळत नाही त्याच्या हुशारीचा देशाला फारसा उपयोग नाही. माझं मत टोकाचं वाटेल, पण त्यावर मी ठाम आहे.

मोठी उदाहरणं हवी असतील तर अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं घ्या. लष्कराच्या सर्वोच्च पदावरून आलेला, देशात आणि परदेशात मान असलेला, उत्तम बोलणारा माणूस. ५ फेब्रुवारी २००३ रोजी त्यांनी सुरक्षा परिषदेत इराककडे जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा असल्याचं सांगितलं. तो दावा मुख्यतः ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाच्या एका खबऱ्यावर उभा होता. त्या खबऱ्याबद्दल गुप्तचर यंत्रणांमध्ये आधीपासून शंका होत्या; त्या आपल्यापर्यंत आल्याच नाहीत, असं पॉवेल पुढे सांगत राहिले. इराकच्या अणुकार्यक्रमाबद्दलच्या निष्कर्षाला तर त्यांच्याच खात्याच्या गुप्तवार्ता विभागानं आधीच लेखी असहमती नोंदवली होती. वक्तृत्व आणि प्रतिष्ठा दोन्ही असूनही त्या दिवसाचा डाग त्यांच्या कारकिर्दीवर राहिला, आणि हे त्यांनी स्वतः मान्य केलं.

याच्या उलट ऑक्टोबर १९६२. क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या काठावर होतं आणि केनेडींच्या सल्लागारांत लुवेलिन थॉम्पसन होते, मॉस्कोत राजदूत राहिलेले आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना जवळून पाहिलेले. २७ तारखेला त्यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगितलं की वाटाघाटींनी ही क्षेपणास्त्रं निघणार नाहीत हा तुमचा अंदाज मला पटत नाही. क्युबावर हल्ला होणार नाही एवढं आश्वासन मिळालं तरी ख्रुश्चेव्ह ते आपल्या लोकांना विजय म्हणून दाखवू शकतील. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं हटवण्याचा शब्द गुपचूप द्यावा लागलाच, त्यामुळे थॉम्पसन पूर्ण बरोबर होते असं मी म्हणत नाही. पण समोरच्या माणसाला ओळखणारा अधिकारी खोलीत होता, बोलू शकत होता आणि त्याचं ऐकलं गेलं. तुमच्या प्रशिक्षणार्थींना मी हाच प्रसंग आधी सांगेन.

दुसरा गुण मी थोडक्यात सांगते. स्वतःच्या सरकारप्रमुखाचा भक्कम विश्वास. कौटिल्यानं दूतांचे तीन प्रकार सांगितलेत: पूर्ण अधिकार असलेला निसृष्टार्थ, ठरावीक कामापुरता परिमितार्थ आणि नुसतं पत्र पोहोचवणारा शासनहर. परराष्ट्रमंत्री तिसऱ्या प्रकारात गेला की समोरचे थेट वर फोन लावतात. ट्रम्प यांचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रेक्स टिलरसन यांनी सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस बीजिंगमध्ये सांगितलं की उत्तर कोरियाशी बोलण्याचे मार्ग खुले आहेत. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी जाहीरपणे म्हटलं की ते वेळ वाया घालवतायत. त्यानंतर त्यांच्या शब्दाला कोण वजन देणार?

आणि विश्वास तुटला तर पद सोडण्याची तयारी हवी. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचा तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांना लष्करी मोहिमेनं सोडवायला विरोध होता. मोहीम यशस्वी झाली तरी मी राजीनामा देणार, असं त्यांनी कार्टरना आधीच कळवलं होतं. एप्रिल १९८० मध्ये मोहीम फसली, आठ सैनिक गेले, आणि व्हान्स खरोखर पायउतार झाले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. (दीर्घ अनुभव हाच मुख्य गुण, असं कुणी म्हणालं तर सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको आठवा: १९५७ ते १९८५, सलग २८ वर्षं. स्मरणशक्ती अफाट, पण अफगाणिस्तानात सैन्य पाठवण्याच्या निर्णयातही ते होतेच.)

आता तुमच्या अहवालांबद्दल. तुमच्या सेवानियमांपुढे माझा सल्ला गौण आहे, आणि इथे देशाचं किंवा व्यक्तीचं नाव कृपया लिहू नका, अगदी आडूनसुद्धा. भेटीचं टिपण त्याच रात्री लिहा. समोरचा काय म्हणाला आणि तुम्हाला त्यावरून काय वाटतं, हे वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा, कारण गाळणारे अंदाजावर बोट ठेवून ऐकलेलंही उडवतात. नको असलेली बातमी पहिल्या ओळीत घ्या. पाचव्या परिच्छेदात गेली की ती गेलीच समजा. ‘सौम्य ठेवा’ ही सूचना फोनवर आली तर लेखी मागा.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात १९७१ पासून, व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुरू झालेली ‘डिसेंट चॅनेल’ नावाची सोय आहे. कनिष्ठ अधिकारीही धोरणाविरुद्धचं मत त्यातून थेट वरपर्यंत पाठवू शकतो, आणि त्याला उत्तर देणं खात्यावर बंधनकारक असतं. आमच्याकडे असं काही नव्हतं. तुमच्या नियमावलीत असहमती नोंदवण्याचा एखादा मार्ग दिलाय का, तेवढं पाहून इथे कळवा. असेल तर अर्ज कसा मांडायचा ते मी सांगू शकेन.