उंबराखाली एक तास

अनेक आशीर्वाद.

रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायचं ठरलं हे वाचून फार आनंद झाला. पाच किलोमीटर चालायचं आणि दिसतील तेवढे पक्षी मोजायचे, असा बेत तू कळवला आहेस. त्यातले पाच किलोमीटर आधी खोडून टाक. मे महिन्यात सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात आणि आपण पोहोचायच्या आत तो आवाज पक्ष्यापर्यंत पोहोचलेला असतो. त्यापेक्षा नाल्याकाठचा, फळांनी लगडलेला एखादा उंबर शोध. त्याच्यापासून वीसेक पावलांवर, ऊन पाठीशी घेऊन, तासभर बस.

उंबरच का, तर उन्हाळ्यात बाकीचं रान कोरडं पडलेलं असतं तेव्हाही कुठला ना कुठला उंबर फळलेला असतो. याचं कारण फळाच्या आत आहे. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते खरं, कारण शेकडो बारीक फुलं त्या ‘फळा’च्या पोटातच असतात. गांधीलमाशीच्या नात्यातली, एक-दोन मिलिमीटरची मादी टोकाच्या छिद्रातून आत शिरते, परागीभवन करते आणि अंडी घालते. तिच्या लेकी पराग घेऊन बाहेर पडतात तेव्हा त्यांना थोड्याच वेळात कच्ची फळं असलेला दुसरा उंबर गाठावा लागतो. सगळे उंबर एकाच महिन्यात फळले तर हा किडा उरणार नाही. कीटक आणि पक्षी अशा दोन वेगळ्या याद्या करू नकोस, असं मी सांगतो ते यासाठीच.

मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडतं. त्याआधी रानात शिरू नकोस आणि एकट्याने तर नाहीच. तो बिबट्याचा भाग आहे. प्रवेशाची वेळ आणि परवानगी वनखात्याच्या नाक्यावर आदल्या दिवशी विचारून ठेव. माणशी दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा मातकट रंगाचा सदरा आणि मोज्यात खोचलेली पँट, कारण वाळल्या गवतात गोचीड असतात.

दुर्बीण ८ × ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घे. दहा पटीची हातात जास्त थरथरते आणि तिच्यात पक्षी सापडायलाही वेळ लागतो. घरीच ती डोळ्यांना जुळवून ठेव: उजवी काच झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट कर, मग डावी झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट कर. हे केलं नाही तर अर्ध्या तासात डोकं दुखतं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून ठेव. रानात सगळ्यांची एक चूक होते: पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधतात. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणायची.

साडेआठपर्यंतचा वेळ पक्ष्यांचा. तांबटाची ‘टुक टुक’ लगेच ऐकू येईल, पण तो सापडणार नाही. तो चोच मिटून गळा फुगवतो आणि मान इकडेतिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज दर वेळी वेगळीकडून आल्यासारखा वाटतो. शेंड्याच्या निष्पर्ण फांद्या एकेक करून तपास. हरियाल म्हणजे हिरवं कबुतर, आपला राज्यपक्षी, पण पानांत असा मिसळतो की आधी खाली पडणारी फळं मोजावीत आणि मग त्याच रेषेत वर पाहावं. पिवळे पाय दिसले की झालं. राखी धनेशाचा नर एकटाच येऊन फळं घशात साठवत असेल आणि पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जात असेल, तर त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून बसलेली आहे असं समज. त्याच्या मागे मुळीच जाऊ नकोस. माणूस ढोलीजवळ उभा राहिला की नर खाऊ घालायला येत नाही आणि आत मादी व पिल्लं उपाशी राहतात. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्षी बोलावणंही या दिवसांत नको. हा विणीचा काळ आहे.

नवशिके हमखास चुकतात ते पावशा हा कोकिळेच्या नात्यातला पक्षी आणि शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी यांच्यात. दोघे राखाडी, छातीवर आडव्या तांबूस रेघा, शेपटीवर पट्टे. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी वाकलेली, बैठक ताठ. पावशाची चोच सडपातळ, डोळ्याभोवती पिवळं कडं, आणि बसल्यावर पंख किंचित खाली सोडलेले. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ऐकू आलं आणि सूर चढत चढत गेला, तर प्रश्नच मिटला. तो दिसला की सातभाईंचा थवाही शोध, कारण पावशा अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो.

साडेआठनंतर नजर खाली आण. फुलपाखरांना उडायला अंगात ऊब लागते, म्हणून ती उशिरा येतात. गळून आंबलेल्या उंबरांवर बसलेलं फुलपाखरू रस पिण्यात गुंतलेलं असतं, जवळ जाता येतं. फक्त आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नकोस. फोटो पंखांच्या दोन्ही बाजूंचे काढ, कारण बऱ्याच जातींची ओळख खालच्या बाजूवरच पटते. नाल्याच्या ओल्या मातीवर घोळक्याने बसलेले बहुतेक नर असतात, ते क्षार शोषतात. उंबराच्या पानांखाली आरशासारखा चकाकणारा कोश दिसला तर तो कॉमन क्रो नावाच्या फुलपाखराचा असण्याची शक्यता मोठी. या पानांवर त्याची अळी वाढते. बुंध्यावर सिकाडाची, म्हणजे उन्हाळ्यात झाडावर किर्र आवाज करणाऱ्या किड्याची, रिकामी कात शोध, पाठीवर उभी चीर असते. पानं शिवून केलेलं ओंबीलांचं, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्यांचं, घरटं असलेल्या फांदीला टेकू नकोस.

वर मोठ्या फांदीला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर मात्र उंबर बदल. अत्तर लावून जाऊ नकोस. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून सरळ लांब पळायचं.

वहीत नाव सगळ्यात शेवटी लिही. आधी वेळ, आकार (चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा), चोच, शेपटी आणि तो काय करत होता ते. नाव आधी लिहिलं की मन त्याला जुळतील अशाच खुणा पाहू लागतं. दहा वाजता उठ. पुढे ऊन सोसत नाही आणि झाडही शांत होतं.

पावसाची पहिली सर आली की पुन्हा त्याच उंबराखाली जा. नवरंग त्याच सुमारास येतो. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ ऐकू आली तर वर पाहू नकोस, तो खाली पाचोळ्यात पानं उलटत असतो. तोवर रविवारच्या वहीच्या पानाचा फोटो पाठव. नावं चुकली तरी हरकत नाही, चोचीचं वर्णन मात्र हवं.

कळावे.