वाचक विचारतात : त्या नळकांड्यांत जपण्यासारखं काय आहे?

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो, नायगारा बघायला जाताना बफेलोला थांबलो तर नदीकाठी काँक्रीटची उंचच उंच नळकांडी, ना खिडकी ना माणूस. जावई म्हणाले, ही जुनी धान्याची कोठारं, हेरिटेज आहे. आम्हाला हेरिटेज म्हणजे किल्ला, वाडा, देऊळ. हे कसलं हेरिटेज? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : सर, कोठार म्हटलं की आपल्याला कणगी आठवते, भरली, लिंपली, झालं. पण हे कोठार कमी आणि मशीन जास्त आहे. १८२५ ला बफेलोच्या इरी सरोवरापासून न्यूयॉर्ककडे जाणारा इरी कालवा सुरू झाला, मग पश्चिमेचा गहू सरोवरातल्या मोठ्या जहाजांतून बफेलोला यायचा आणि तिथे कालव्याच्या छोट्या बोटींत भरावा लागायचा, हे सगळं हमालांच्या पाठीवर, आणि पाऊस आला की काम ठप्प. १८४२ मध्ये जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने इंजिनिअर रॉबर्ट डनबारला हाताशी धरून वाफेवर चालणारा पट्टा उभा केला, पट्ट्याला बादल्या. म्हणजे आपलं रहाटगाडगंच की, फक्त विहिरीऐवजी जहाजाच्या पोटात सोडलेलं आणि पाण्याऐवजी गहू उपसणारं! एकदा दाणा वर चढला की खाली आपोआप येतो, तोटी उघडली की बोट भरली.

आधी हे सगळं लाकडाचं होतं, आणि धान्याची धूळ हवेत उडाली की ठिणगीसरशी भडकते, त्यामुळे आगी लागायच्या. म्हणून पुढे काँक्रीट आलं. साचा थोडा थोडा वर सरकवत रात्रंदिवस ओतायचं, थांबायचं नाही. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएने १९२३ च्या पुस्तकात अशाच अमेरिकन कोठारांचे फोटो छापले, नवी इमारत कशी हवी ते दाखवायला.

मग १९५९ ला सरोवरांना समुद्राशी जोडणारा सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला, जहाजं बफेलोला न थांबता थेट समुद्राकडे जायला लागली. बरीच कोठारं रिकामी पडली.

आता जपायचं कसं, खरी गोची इथे आहे. केपटाऊनला १९२४ च्या कोठाराची नळकांडी आतून कापून २०१७ ला म्युझियम केलं, दिसतं झक्कास, पण तेवढा पैसा प्रत्येक शहराकडे कुठून येणार. बफेलोतच १८९७ चं ग्रेट नॉर्दर्न नावाचं कोठार होतं, आत पोलादी पिंपं आणि बाहेर विटांची भिंत. डिसेंबर २०२१ च्या वादळात उत्तरेची भिंत कोसळली, लगेच पाडायची परवानगी निघाली, हेरिटेजवाले कोर्टात गेले, हरले, २०२२ ला पाडकाम सुरू. मला विचाराल तर ती भिंत म्हणजे नुसतं पांघरूण होतं, पिंपांचा भार तिच्यावर नव्हताच. पांघरूण फाटलं म्हणून माणूस जाळतात का?

बाकीच्यांचं बरं चाललंय. सायलो सिटीत, म्हणजे बफेलोतल्याच जुन्या कोठारांच्या आवारात, नळकांड्यांच्या आत कविता वाचतात, आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो. एका ठिकाणी तर सहा नळकांड्यांना बिअरच्या कॅनचं रूप दिलंय, मला आधी राग आला, मग म्हटलं असू दे, उभी तर आहेत.

पुढच्या वेळी जाल तेव्हा गावात जरा थांबा. चीरिओज या ओट्सच्या नाश्त्याचा कारखाना तिथे अजून चालू आहे, वारा तुमच्याकडे असला तर भाजलेल्या ओट्सचा वास येईल.