‘गणित सोडून भूगोल घ्या’ म्हणतात, आणि पोरगी कपाशीत मावा मोजत बसते

पारोळा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. पत्र म्हणजे व्हॉट्सअॅपवर चार फोटो, तीन कागदाचे आणि एक वहीच्या पानाचा. थोडक्यात असं की मुलगी दहावीला ८९ टक्के, आता अकरावी सायन्स, नीटच्या क्लासचा पहिला हप्ता भरून झालाय, आणि क्लासचे सर म्हणतात गणित सोडून भूगोल घ्या, उगाच डोक्याला ताप. मुलगी हटून बसलीय की गणितही सोडणार नाही आणि बायोलॉजीही नाही, तिने यूट्यूबवर मॅथेमॅटिकल बायोलॉजी असं काहीतरी ऐकलंय आणि तेच करायचं म्हणते. वडील विचारतात, हे नेमकं काय असतं, यावर पोट भरतं का, आणि ‘गेल्या हंगामात ही कपाशीत मावा आणि ढालकिडे मोजत बसायची, शेजारचे आप्पा म्हणे, पोर येडी व्हई गई का, तर याचा आणि तिच्या हट्टाचा काही संबंध आहे का?’

दादा, संबंध आहे, आणि मी उत्तर तिथूनच सुरू करते, कारण तुमच्या तीन कागदांपेक्षा मला तो चौथा फोटो जास्त आवडला.

तिने दर आठवड्याला दहा झाडं धरून, प्रत्येक झाडाची वरचं-मधलं-खालचं अशी तीन पानं बघून आकडे लिहिलेत, पानाचा रस शोषणारी बारीक कीड म्हणजे मावा किती, आणि त्याला खाणारे ढालकिडे किती. २३ ऑगस्ट, मावा १४२, ढालकिडे ३. ३० ऑगस्ट, मावा २१०, ढालकिडे ९. ६ सप्टेंबर, मावा ९६, ढालकिडे १७. मग १३ सप्टेंबरला मावा एकदम ११ आणि ढालकिडे ४. आणि २० सप्टेंबरला मावा १८८, ढालकिडे शून्य, आणि त्या शून्यापुढे पेनाने गिरवून गिरवून काढलेलं प्रश्नचिन्ह. दादा, ते प्रश्नचिन्ह म्हणजेच हा विषय, मॅथेमॅटिकल बायोलॉजी, जीवांचं वाढणं-घटणं गणिताने समजून घेणं. ढालकिडा मावा खातो हे तर कृषी सहायकही सांगतो, पण दोघंही कमी झाल्यावर मावाच आधी परत का आला, तेही ६ सप्टेंबरच्या जवळजवळ दुपटीने, हे त्या पोरीला खटकलंय.

हेच कोडं शंभर वर्षांपूर्वी इटलीत एका गणितज्ञाला पडलं होतं. व्हिटो व्होल्टेरा त्यांचं नाव. त्यांचा होणारा जावई उंबेर्तो डी'अँकोना हा माशांचा अभ्यासक, आणि त्याच्याकडे एड्रियाटिक समुद्राकाठच्या बंदरातले मासळी बाजाराचे आकडे होते. पहिल्या महायुद्धात मासेमारी कमी झाली होती, तर वाटेल की सगळेच मासे वाढले असतील, पण झालं असं की फ्यूमे बंदरात आलेल्या मालात शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण १९१४ ला १२ टक्क्यांच्या आसपास होतं ते १९१८ ला ३६ च्या वर गेलं, आणि मासेमारी पुन्हा जोरात सुरू झाल्यावर १९२३ पर्यंत ११ च्याही खाली आलं. का? जावयाला उत्तर सापडेना, सासऱ्याने दोन समीकरणं मांडली, १९२६ साली. तिकडे अमेरिकेत आल्फ्रेड लोटका नावाच्या माणसाने वर्षभर आधी तशीच समीकरणं छापली होती, म्हणून आता दोघांच्या नावाने ओळखतात.

समीकरणं दिसायला घाबरवतात पण मराठीत सांगायचं तर एवढंच आहे. मावा जेवढा आहे त्या हिशोबात वाढतो. ढालकिड्याला खायला नसेल तर तो जेवढा आहे त्या हिशोबात मरतो. आणि दोघांची गाठ किती वेळा पडते ते मावा गुणिले ढालकिडे यावर ठरतं, त्या प्रत्येक गाठीत माव्याचं नुकसान आणि ढालकिड्याचा फायदा. झालं. आता यातून जे निघतं ते बघा. माव्याची सरासरी संख्या किती राहणार हे माव्याच्या पिल्लावळीवर ठरतच नाही, ढालकिडा किती झपाट्याने मरतो त्यावर ठरतं. म्हणजे दोघांनाही सारखंच मारणारं औषध मारलं तर चार दिवस रान साफ दिसतं आणि सरासरीत मावाच वाढतो. मासेमारीचंही तेच, जाळ्यात दोन्ही जातात, नुकसान शिकाऱ्याचं जास्त.

हे नुसतं कागदावरचं नाही. कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबाच्या बागांवर कापसासारखी पांढरी खवलेकीड पसरली होती, ती मुळात ऑस्ट्रेलियाची, म्हणून १८८८-८९ ला तिला खाणारा ढालकिडाही तिथूनच आणून सोडला आणि बागा वाचल्या. नंतर १९४० च्या दशकात डीडीटी आलं, ते मारलं तसे ढालकिडे गेले आणि खवलेकीड परत आली. तुमच्या शेतात त्या आठवड्यात काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल, आणि बहुतेक पोरीलाही आलाय, घरात बोलली नसेल एवढंच, कारण औषध तुम्ही आणलंय.

पण मी इथे तिलाही थोडं थांबवते. पाच आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. जोराचा पाऊस झाला तरी मावा धुऊन जातो, युरिया जास्त पडला तरी मावा वाढतो, शेजारच्या शेतातून पंखवाला मावा उडून येतो, आणि त्या दोन समीकरणांना यातलं काहीच माहिती नसतं. मॉडेलिंग म्हणजे हेच असतं, काय सोडायचं आणि काय धरायचं, आणि जे सोडलं त्यामुळे आपण कुठे तोंडावर पडू शकतो ते आधीच माहिती असणं. करोनात आपण सगळ्यांनी बघितलं की टीव्हीवर लाटेचे अंदाज आले आणि बरेच चुकले. लोक म्हणाले गणित खोटं. पण आकडे अर्धवट, लोकांचं वागणं रोज बदलतंय, त्यावर तारखेसकट छातीठोकपणे सांगणं हा धंदाच चुकीचा होता. साथीचं मूळ मॉडेल मात्र १९२७ चं, करमॅक आणि मॅकेंड्रिक यांचं, आणि गंमत म्हणजे त्यांनी ते पडताळून बघायला घेतलेले आकडे आपल्या मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगचे होते. त्याच्याही आधी रोनाल्ड रॉसने मलेरियाचं गणित मांडून दाखवलं होतं की शेवटचा डास मारायची गरज नाही, एका मर्यादेखाली डास आणले तरी साथ विझते. रावेर-यावलकडे केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) येतो, मावाच तो व्हायरस झाडावरून झाडावर नेतो, तिथे रोगट झाडं किती लवकर उपटली तर बाग वाचेल हा प्रश्न गणिताच्या हिशोबाने रॉसच्या डासांचाच भाऊ आहे. तुमचे कुणी पाहुणे तिकडे केळीवाले असतील तर विचारा, झाड उपटताना काय जीव जातो ते.

आता भूगोलाचं. नका सोडू गणित. विषय बदलायचा अर्ज दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर उद्याच कॉलेजात जाऊन मागे घेता येतो का ते बघा. हे मी एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी भडगावकडच्या एका हुशार मुलाला मीच म्हटलं होतं, बायोलॉजी आवडतं ना मग गणिताचं ओझं कशाला. त्याने बी.एस्सी. बायोटेक केलं, पुढे एम.एस्सी.ला त्याच्यासमोर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि स्टॅटिस्टिक्स आलं आणि पोरगा अडकला, वर्ष गेलं. अजून दिवाळीला फोन करतो, कधी टोमणा मारत नाही, पण मला लागतंच. बायोलॉजी मागाहून वाचून भरून काढता येतं, दोन वर्षं सुटलेलं गणित भरून काढणारे मी फार कमी बघितलेत. आणि गंमत बघा, चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे, आपण त्यावर भाषणं ठोकतो, आणि इकडे ८९ टक्केवालीला सांगतो गणित म्हणजे डोक्याला ताप.

क्लासचा हप्ता वाया गेला असं समजू नका. आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचं नाव ऐकलं असेल, तशा आणखी आयसर देशात आहेत, तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस असतो आणि प्रवेश त्यांच्या आयएटी या परीक्षेवर. ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी चारही विषयांचे पंधरा-पंधरा. नीटची बायोलॉजी तिथे कामाला येते आणि गणित सोडलं की चौथा हिस्सा गेला. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच विज्ञान संस्थेसाठी आणि मुंबई विद्यापीठातल्या अणुऊर्जा विभागाच्या केंद्रासाठी नेस्ट नावाची वेगळी परीक्षा. तिला नीटही द्यायची असेल तर देऊ दे, गणित असल्याने नीट अडत नाही, वेळेची ओढाताण मात्र होणार, ते खोटं कशाला सांगू.

यातलं काहीच जमलं नाही तर? तर जळगावला, अमळनेरला, धुळ्याला बी.एस्सी. आहेच. मुख्य विषय गणित ठेवायचा, जोडीला स्टॅटिस्टिक्स किंवा झूऑलॉजी मिळतं का ते त्या कॉलेजात जाऊन विचारायचं, माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. सोबत पायथॉन किंवा आर ही कॉम्प्युटरची भाषा शिकायची, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. किंवा आपल्याच विद्यापीठात. उन्हाळ्यात गणिताच्या पोरांसाठी एमटीटीएसचं शिबिर असतं, त्याला अर्ज करायचा, तिथे पहिल्यांदा कळतं की आपल्याला गणित आवडतं का नुसते मार्क आवडतात. बी.एस्सी.वाले मागे पडतात असं नाही, पण तिथे कुणी हात धरून नेत नाही, सगळं स्वतः शोधावं लागतं.

पोट भरतं का? भरतं, पण उशिरा. जळगावात ‘मॅथेमॅटिकल बायोलॉजिस्ट पाहिजे’ अशी पाटी लागणार नाही. पाच वर्षं शिक्षण, मग पीएचडी, म्हणजे वयाची अठ्ठावीस. पीएचडीला घरून पैसे लागत नाहीत, नेट-जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप आहे, वर घरभाडं. त्यानंतर संशोधन संस्था, औषध कंपन्या (गोळी घेतल्यावर रक्तात औषध किती वेळ किती राहतं याचं मॉडेल करणारी माणसं त्यांना लागतात), साथरोगांचं काम, समुद्रातली मासळी किती धरावी याचे हिशोब, कीड-रोगांचे अंदाज. आणि कुणाला अधेमधे सोडायचं असेल तर डेटाच्या नोकऱ्या पुण्या-बंगळुरात मिळतात, कारण ही पोरं आकड्यांवर शंका घ्यायला शिकलेली असतात. प्रोफेसरकी डोक्यात असेल तर सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) दहा-दहा वर्षं काढणारे सेट-नेटवाले तुमच्याही ओळखीत असतील, ते दुखणं या विषयाचं नाही, पण तिच्या कानावर घाला. लग्नाचं तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच विचारलंय, पाहुण्यांना काय सांगायचं म्हणून. सांगा पोरगी सायंटिस्ट होतेय, तेवढ्यात त्यांचं भागतं.

आणि तिला एक काम द्या, फुकटचं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ०.२ घ्यायचं, त्याला १ वजा ०.२ ने गुणायचं, मग २ ने. ०.३२ येतं. आता ०.३२ घेऊन परत तेच, ०.४३५२, मग साधारण ०.४९१६, चार-पाच वेळा केलं की ०.५ वर येऊन बसतं. शेवटच्या २ च्या जागी ३.२ घ्यायचं, मग आकडा एकावर बसतच नाही, ०.५१३ आणि ०.७९९ च्या मध्ये उड्या मारत राहतो. आणि ३.९ घेतलं की काय होतं ते मी सांगत नाही, तिलाच बघू दे. किडीची एका पिढीतून दुसऱ्या पिढीत संख्या कशी जाते याचं हे सगळ्यात साधं मॉडेल, रॉबर्ट मे यांनी १९७६ ला यावर लिहिलं तेव्हा भल्याभल्यांची झोप उडाली होती. दोन वेळा करून कंटाळली तर हट्ट वरवरचा आहे, नीट परीक्षेचीच तयारी करू दे. रात्री अकरापर्यंत वही भरत बसली तर तुम्ही क्लासच्या सरांशी बोला.

अजून एक राहिलं. वहीत ६ आणि १३ सप्टेंबरच्या मधे फवारणीची नोंदच नाही. कोणत्या दिवशी मारलं, कोणतं औषध, आणि त्या आठवड्यात पाऊस होता का, हे तिला विचारून लिहायला सांगा. कृषी केंद्राची पावती घरात कुठे खोचलेली असेल तर तारीख मिळेल. मिळाली की त्या पानाचा परत फोटो पाठवा.