ग्रिफिन म्हणजे आपल्या किल्ल्यांवरचा शरभच का?
नाही हो, भाऊबंद म्हणा हवं तर, दोघेही काल्पनिक प्राणी. ग्रिफिन पुढून गरुड, मागून सिंह, युरोपातल्या सरदार घराण्यांच्या ढालींवर असतो तो, आणि गंमत म्हणजे डोकं गरुडाचं असून त्याला चक्क टोकदार कान काढतात, नुसत्या गरुडापासून वेगळा ओळखायची तीच सोपी खूण. इंग्लंडमधल्या ढालींवरच्या नर ग्रिफिनला तर पंखच नसतात, अंगातून काटे निघालेले, का ते मला विचारू नका! शरभाचं तोंड मात्र सिंहासारखं. पुण्यातून रविवारी गाडी काढा आणि शिवनेरीचे दरवाजे नीट बघा, शरभ तिथे कोरलेत. किल्ल्यांवरच्या शरभांनी बऱ्याचदा पंजात हत्ती धरलेले असतात, हत्ती केवढासा तर मांजराच्या पिल्लाएवढा. दोन डोक्यांचा पक्षी दिसला तर तो गंडभेरुंड, कर्नाटकच्या राज्यचिन्हात तोच मधोमध आहे, दोन्ही बाजूंना सोंडवाले सिंह.