धडधडीला घाबरू नका

ताई, छाती धडधडते, हात गार पडतात, तेव्हा शरीर धोका समजून अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक (हार्मोन) सोडत असतं. पहिल्यांदाच झालं असेल तर डॉक्टरांकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या. हे टाळू नका. मग श्वास: ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, पाच मिनिटं. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. बरं वाटत असतानाही रोज करा, कारण ऐन घालमेलीत नवं काही जमत नाही. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात झोप आधीच तुटते, त्यात रात्रीचा चहा नकोच. ऊन उतरलं की कंबर तलावाकडे पाय मोकळे करा. असह्य झालं, जिवाचं बरंवाईट मनात आलं, तर लगेच १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात.