फ्रिजवर न चढणारा बोका

*ताई, आमचा बोका बंड्या १३ वर्षांचा आहे. जन्मभर शी-शूसाठी लिटर बॉक्समध्ये जाणारा हा बोका गेल्या सहा महिन्यांपासून बाहेरच करतो. कधी बॉक्सच्या शेजारी, कधी बाथरूमच्या पायपुसण्यावर, कधी थेट आमच्या पलंगावर. मुलगी शिकायला बाहेर गेली त्याच सुमारास हे सुरू झालं. त्यामुळे तो आमच्यावर राग काढतोय, याची मला खात्री आहे. उचलायला गेलं की फिस्कारतो. रात्री मात्र कुशीत येऊन घुरघुरतो, म्हणजे तब्येत ठणठणीत! फ्रिजवर चढून बरण्या पाडायचं तेवढं त्याने सोडलंय, वयाने पोक्त झालाय. पण चादरी धुवून मी थकले. ह्यांचं म्हणणं, कुणाला तरी देऊन टाकू. मी त्याच्याशी बोलणं टाकून पाहिलं, काही फरक नाही. त्याने धरलेला हा डूख कसा घालवू?*
*— दमलेली आई*

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. चादरींचं नव्हे, फ्रिजचं.

बंड्या फ्रिजवर कधीपासून चढत नाही? पहिली चादर कधी ओली झाली ते तुम्हाला नीट ठाऊक आहे. शेवटची उडी कधी मारली, ते सांगता येईल? बरण्या फुटायच्या थांबल्या, तुम्हाला हायसं वाटलं आणि विषय तिथेच संपला. आता जरा बसून आठवा. माझा अंदाज असा, की उडी आधी थांबली आणि चादर त्यानंतर भिजली.

मांजर पोक्त झालं म्हणून उंच जागा सोडत नाही. वरून सगळं घर दिसतं, तिथे कुणी अचानक अंगावर येत नाही. ती जागा मांजराला म्हातारपणीही हवीच असते. जाता येत नाही, तेव्हाच ती सुटते. १३ वर्षांचं मांजर म्हणजे साधारण ६८ वर्षांचा माणूस. बारा वर्षांच्या पुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी तपासले होते. २००२ साली त्यांनी छापलेल्या अहवालात ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज आढळली. झीज दिसली म्हणजे प्रत्येकाला दुखतंच असं नाही, हे मान्य. पण तुमच्या बोक्याने उडी सोडलीय, आणि बाकीची लक्षणं तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहेत. फक्त त्यांना ‘राग’ हे नाव दिलंत.

तो बॉक्सच्या शेजारी करतो, असं तुम्ही लिहिता. शेजारी! म्हणजे तो तिथपर्यंत चालत जातो. त्याला जागा आठवते, जायची इच्छाही आहे. अडतं ते कडेपाशी. त्या बॉक्सची कड किती उंच आहे, कधी मोजलीत? गुडघे धरलेल्या माणसाला उंच उंबरा दिवसातून चार वेळा ओलांडायला लावा, आत गेल्यावर भुसभुशीत खड्यांवर तोल सावरत बसायला लावा, मग कळेल. आणि मांजर दुखण्याचं खापर सांध्यावर फोडत नाही, जागेवर फोडतं. बॉक्समध्ये गेलं की दुखतं, म्हणजे बॉक्स वाईट. मग ते मऊ आणि सपाट जागा शोधतं: पायपुसणं, पलंग. त्यात तुमच्यावर सूड उगवायचा काहीही संबंध नाही. अपमान आठवून ठेवायचा, योग्य वेळ गाठायची आणि मग चादर भिजवायची, हा बेत माणसाच्या डोक्यात शिजतो. मांजराच्या नाही.

उचलताना फिस्कारतो, कारण तुम्ही नेमकं कंबरेखाली धरता. तो लंगडत नाही, असं आता तुम्ही म्हणाल. मांजराची झीज बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असते, मग लंगडायचं तरी कुठल्या पायाने? ते हळूहळू कामं कमी करतं, एवढंच. पाठीच्या खालच्या भागापर्यंत मान वळवून चाटणं कमी होतं, तिथले केस राठ होतात, गुंता धरतात. घासणं कमी झाल्याने नखं वाढतात आणि फरशीवर टिकटिक वाजतात. आज संध्याकाळी टीव्ही बंद करून ऐका.

आणि ते घुरघुरणं. त्यावरून तुम्ही तब्येत ठणठणीत ठरवलीत, तिथे मला खरंच वाईट वाटलं. मांजर सुखात असताना घुरघुरतं, तसंच जखमी असताना, विताना, भेदरलेलं असतानाही घुरघुरतं. दुखणं चेहऱ्यावर वाचता येतं, पण बारकाईने पाहिलं तर. माँट्रियलच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये त्यासाठी पाच खुणा ठरवून दिल्या: कान बाजूंना वळलेले, डोळे किलकिले, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला, मिशा ताठ, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली उतरलेलं. बंड्या झोपेत नसताना त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि हे पाच पाहा.

तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत, हे मला अजिबात पटलेलं नाही. ज्याला उठबस जमत नाही त्याच्याशी अबोला धरून काय मिळणार होतं? तुम्ही दमलात, चादरींचा ढीग खरा आहे. पण त्या घरात तुमच्याहून जास्त दमलेलं कुणीतरी आहे, आणि तरीही ते रोज रात्री तुमच्याच कुशीत येतं. मुलीची आठवण त्याला येत असेलही. ते सध्या बाजूला ठेवा. ‘ह्यांना’ मात्र हे उत्तर वाचून दाखवा. नवीन घरात बॉक्सची कड काही आपोआप खाली जाणार नाही.

करायचं एकच. या आठवड्यात पशुवैद्याकडे न्या, पण त्याआधी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ काढा. बॉक्समध्ये शिरताना, सोफ्यावर चढताना, उतरताना, जमलं तर जिन्यावर. दवाखान्याच्या टेबलावर मांजर भीतीने आखडून बसतं, डॉक्टरांना तिथे काहीच दिसत नाही. घरातल्या चार मिनिटांत सगळं दिसतं. आणि ‘बाहेर करतो’ एवढंच सांगू नका, ‘उडी सोडलीय’ हे पहिलं वाक्य सांगा. डॉक्टर लघवी आणि रक्त तपासतीलच. या वयात मूत्रपिंडाचा त्रासही असू शकतो, आणि मांजराला वेदनाशामक औषध मूत्रपिंड पाहूनच दिलं जातं.

घरातली गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आणि कधी तो वारंवार बॉक्समध्ये जाऊन जोर करतोय, पण लघवीचा थेंबही येत नाही असं दिसलं, तर आठवडा नाही, सकाळचीही वाट पाहायची नाही, त्याच क्षणी निघायचं. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतात.

दवाखान्यात जाईपर्यंत बॉक्सची एक बाजू कापून कड तीन-चार बोटांवर आणा, कापलेल्या धारेवर चिकटपट्टी लावा. आणि बरण्या कपाटात ठेवून फ्रिजशेजारी आधी एक बुटकं, मग एक उंच स्टूल मांडा, पायऱ्यांसारखं. त्याला वर जायचं असेल.